वेशीत बसलेली माणसे

शोमरोनचा राजा अहाब हा काही लहानसहान राजा नव्हता. इ. स. पूर्व 853 मध्ये सीरियातल्या कर्कर इथे अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसरची वाट अडवायला जे राजे एकत्र आले, त्यांत अहाबाचे 2,000 रथ आणि 10,000 पायदळ होते. हा आकडा अहाबाच्या भाटांचा नाही. शल्मनेसरने स्वतःच्या पराक्रमाचा जो शिलालेख कोरून घेतला, त्यातला आहे, आणि तो शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असा हा राजा इज्रेल गावच्या एका शेतकऱ्याच्या द्राक्षमळ्यापुढे मात्र हात चोळत बसला.

मळा राजवाड्याला लागून होता. अहाबाला तिथे भाजीपाल्याची बाग करायची होती. त्याने मळ्याच्या मालकाशी, नाबोथाशी, रीतसर बोलणी केली. बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला, नाहीतर रोख चांदी. नाबोथाने दोन्ही नाकारले. वाडवडिलांचे वतन द्यायचे नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. तो नुसता हट्ट नव्हता. इस्राएली परंपरेत जमीन ही कुळाची ठेव मानत. ती कायमची विकायला मनाई होती, आणि अडचणीपायी कुणी विकलीच तर ती सोडवून घ्यायचा हक्क भाऊबंदांना होता. राजाही याच परंपरेत वाढलेला. तो घरी आला, तोंड फिरवून पलंगावर पडला आणि जेवेना.

राणी ईजबेल सीदोनच्या राजाची मुलगी. एका शेतकऱ्याच्या नकारापायी राजाने उपाशी झोपावे, हे तिच्या आकलनापलीकडचे होते. तिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहर उठवली आणि नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना व प्रतिष्ठितांना ती धाडली. गावात उपास जाहीर करायचा, लोकांना जमवायचे, नाबोथाला पुढे बसवायचे, त्याच्यासमोर दोन बदमाश उभे करायचे आणि याने देवाला व राजाला शिव्याशाप दिले अशी साक्ष त्यांच्याकडून वदवून घ्यायची. मग त्याला गावाबाहेर नेऊन धोंडे घालून मारायचे. सगळे पत्राबरहुकूम झाले. पुढे येहू नावाच्या सेनापतीने बंड करून अहाबाच्या मुलाला मारले, त्या वेळच्या एका उल्लेखावरून दिसते की नाबोथाबरोबर त्याच्या मुलांचेही रक्त सांडले होते. वतनाला वारसच उरला नाही.

बायबलमधल्या राजांच्या पहिल्या ग्रंथात ही हकिगत आहे. ती सांगणारे बहुधा ईजबेलीच्या दुष्टपणावर थांबतात. पण या हकिगतीत त्याहून विचार करायला लावणारी एक बाब आहे. मळा बळकावायला राजाचे दहा शिपाई पुरले असते. तरी राणीला पत्रे, मोहर, उपास, सभा आणि दोन साक्षीदार एवढा खटाटोप करावा लागला. याचा अर्थ गावच्या न्यायसभेची पत एवढी होती की राजालाही तिला वळसा घालणे परवडत नव्हते. ही पतच राणीने नाबोथाविरुद्ध वापरली. वरवर पाहता एकही रीत मोडली नव्हती. देहदंडाला दोन साक्षीदार लागतात, ते होते. आरोप गंभीर होता. शिक्षा रिवाजाप्रमाणे गावाबाहेर झाली. साक्ष तेवढी खोटी होती, आणि ती खोटी आहे हे ज्यांच्या हाती पत्र पडले त्या प्रत्येकाला माहीत होते. गावातला एकही वडीलधारा उठून बोलला नाही.

पुढच्या अडीचशे वर्षांत या न्यायसभेचे काय झाले, ती कधी बाटली, कधी सावरली, आणि दुबळ्या माणसाला तिच्या दारात काय मिळाले, हा प्राचीन इस्राएल आणि यहूदा या दोन छोट्या राज्यांच्या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे.

वेस हीच कचेरी

त्या काळच्या इस्राएली गावांना तट असे, आणि तटाला शक्यतो एकच मोठी वेस. शेते तटाबाहेर, घरे आत. सकाळी शेतावर जाणारा आणि संध्याकाळी परतणारा प्रत्येक माणूस वेशीतूनच जाई. बाजार तिथेच भरे, परगावची बातमी पहिल्यांदा तिथेच कळे. आपल्याकडे पाराला किंवा चावडीला जे स्थान होते, ते तिथे वेशीला होते. म्हणून न्यायनिवाडाही तिथेच होई. साक्षीदार शोधायला लांब जावे लागत नसे, आणि निकाल चार लोकांसमोर होई.

उत्खननांनी हे चित्र पुरते स्पष्ट केले आहे. गेझेर इथल्या वेशीत दोन्ही बाजूंना तीन तीन खोल्या आहेत आणि खोल्यांच्या भिंतींना लागून दगडी ओटे आहेत. उत्तरेकडे दान इथे अव्राहाम बिरान यांनी 1966 पासून उत्खनन केले. तिथल्या वेशीच्या फरसबंद चौकात भिंतीलगत लांब ओटा सापडला, आणि जवळच एक छोटा चौथरा, ज्याच्या कोपऱ्यांवर छत्रीचे खांब रोवायला कोरीव दगडी बैठका आहेत. ओट्यावर गावचे वडीलधारे बसत असावेत आणि चौथऱ्यावर राजा किंवा त्याचा अधिकारी, असे मानतात.

अशा वेशीत कामकाज कसे चाले, याचा नमुना रूथच्या कथेत आहे. बवाज नावाचा बेथलेहेमचा जमीनदार सकाळी वेशीत येऊन बसतो. ज्या नातलगाचा एका विधवेच्या जमिनीवर पहिला हक्क आहे, तो जाताना दिसतो. बवाज त्याला थांबवतो. गावच्या दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि सगळ्यांदेखत विषय मांडतो. नातलग हक्क सोडतो, रिवाजाप्रमाणे पायातले पायताण काढून देतो, आणि जमलेले लोक साक्षीदार ठरतात. कागद नाही, वकील नाही, पण व्यवहार पक्का. ती विधवा आणि तिची विधवा सून रूथ, दोघींची सोय गावासमोर, नियमाने लागली.

मात्र वेशीत बोलायचे तर मागे माणूस लागे. भाऊबंद, बाप, नवरा, जाणता मुलगा. ज्याच्या मागे हे कुणी नाही त्याची बाजू तिथे कोण मांडणार? बायबलच्या कायद्यात विधवा, अनाथ आणि परदेशी हे तिघे पुन्हा पुन्हा एकत्र येतात ते यामुळे. ते गरीब होते हे तर खरेच, पण त्यांना वेशीत आवाज नव्हता हे त्याहून मोठे दुखणे होते.

न्याय मिळायला उशीर झाला की राज्य कसे हलते, हेही दावीदाच्या काळातल्या एका प्रसंगातून कळते. राजपुत्र अबशालोम भल्या पहाटे वेशीच्या रस्त्यावर उभा राही. राजाकडे फिर्याद घेऊन येणाऱ्याला थांबवून गाव विचारी, तुझी बाजू खरी आहे पण ऐकून घ्यायला राजाने कुणी नेमलेलेच नाही म्हणून सांगे, आणि नमस्काराला वाकलेल्या माणसाला उठवून त्याचे चुंबन घेई. तुंबलेल्या फिर्यादींवर त्याने आपले बंड उभारले. दावीदासारख्या राजाला जीव घेऊन यरुशलेम सोडावे लागले.

कायदा कुणासाठी

दुबळ्यांचा कैवार ही कल्पना इस्राएलची एकट्याची नव्हती. बाबिलोनचा हम्मुराबी इस्राएलच्या कितीतरी शतके आधी होऊन गेला. 1901 साली सूसा इथे सापडलेल्या त्याच्या काळ्या शिलेवर, बलिष्ठाने दुर्बळाला छळू नये आणि विधवा-अनाथांना न्याय मिळावा म्हणून आपण कायदे केले, असे तो सांगतो. मिसरमध्ये तर एका लुटल्या गेलेल्या शेतकऱ्याची गोष्ट लोकप्रिय होती. तो अधिकाऱ्यापुढे नऊ वेळा गाऱ्हाणे मांडतो. पण हम्मुराबीच्या कायद्यात शिक्षा माणसाचा दर्जा पाहून बदलते. मोठ्याचा डोळा फोडला तर डोळ्याला डोळा. गुलामाचा फोडला तर मालकाला पैसे.

इस्राएलच्या कायद्यातही गुलामगिरी होती, आणि ओट्यावर बसणारे सगळे पुरुषच होते, हे झाकायचे कारण नाही. तरी मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्या गुलामाला मुक्त करावे, आणि मालकापासून पळून आलेल्याला परत त्याच्या हवाली करू नये, असे नियम त्यात आहेत.

खरे वेगळेपण आहे ते न्यायसभेने कसे वागावे याच्या बारीक सूचनांत. बहुमत चुकीच्या बाजूला असेल तर त्याच्यामागे जायचे नाही. लाच घ्यायची नाही, कारण ती शहाण्यालाही आंधळे करते. मोठ्याचे तोंड पाहून निकाल द्यायचा नाही. आणि गरिबाची कीव येऊन त्याच्या बाजूने झुकायचेही नाही. हा शेवटचा नियम अनेकांना खटकतो. पण त्यामागचा हिशोब व्यवहारी आहे. ज्या न्यायसभेत दयेने निकाल फिरतो, तिथे उद्या भीतीने किंवा पैशानेही फिरेल. आणि भीती घालायची, पैसा ओतायची ऐपत गरिबाकडे नसते. तराजू सरळ राहण्यात सर्वांत जास्त फायदा त्याचाच.

गहाणाचे नियमही याच मुशीतले. सावकाराने गहाण घ्यायला ऋणकोच्या घरात शिरायचे नाही. बाहेर उभे राहायचे, तो आणून देईल ते घ्यायचे. जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घ्यायची नाही, कारण ते त्या घराचे पोट आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्य मावळायच्या आत परत करायचे, कारण रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरे काही नाही. मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी द्यायची. आणि खोट्या साक्षीदारासाठी एक जबर नियम: आरोपीला जी शिक्षा व्हावी म्हणून त्याने खोटे सांगितले, तीच शिक्षा त्याला.

आमोसाचे गाऱ्हाणे

नाबोथानंतर शंभरएक वर्षांनी, इ. स. पूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या कारकिर्दीत शोमरोनला सुगीचे दिवस आले. 1910 साली शोमरोनच्या उत्खननात शाई वापरून लिहिलेली खापरे निघाली. त्यांवर आसपासच्या गावांतून राजधानीत येणाऱ्या तेलाच्या आणि द्राक्षारसाच्या नोंदी आहेत. पुढच्या उत्खननांत हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे मिळाले, लाकडी सामानावर जडवायचे. तेल खाली खेड्यांत गाळले जात होते आणि हस्तिदंत वर राजधानीत चमकत होता.

या वैभवावर बोट ठेवायला दक्षिणेतून एक माणूस आला. आमोस, तकोवा गावचा. मेंढरे राखणारा आणि उंबरांची निगा करणारा. पुरोहित नाही, संदेष्ट्यांच्या घराण्यातला नाही. बेथेलच्या राजमान्य देवळाशी उभा राहून तो बोलला. हस्तिदंती पलंगांचा त्याने उल्लेख केला, मापात मारणाऱ्या आणि तराजूत लबाडी करणाऱ्या व्यापाऱ्यांचा केला. पण त्याचा मुख्य रोख वेशीवर होता. तिथे खरे बोलणाऱ्याचा लोक द्वेष करतात, लाच घेतात, आणि गरिबाला त्याच्या हक्काच्या जागेवरून ढकलून लावतात. जोडाभर पायतणांच्या किमतीला माणूस विकला जातो. आणि गहाण घेतलेली पांघरुणे संध्याकाळी परत करायची सोडून श्रीमंत लोक ती वेदीशेजारी अंथरून त्यांवर लोळतात.

हा शेवटचा आरोप किती नेमका आहे पाहा. पांघरुणाचा नियम सगळ्यांना पाठ होता. तो मोडला जात होता तो देवळात, पूजेच्या वेळी. आमोसाने उपाय म्हणून दानधर्म वाढवा असे म्हटले नाही. वेशीत न्याय पुन्हा उभा करा, अशी त्याची मागणी होती. बेथेलचा पुरोहित अमस्या याने राजाला निरोप पाठवला की हा माणूस कट करतो आहे, आणि आमोसाला आपल्या मुलखात जाऊन पोट भरायला सांगितले. पुढे इ. स. पूर्व 722 च्या सुमारास अश्शूरने शोमरोन जिंकले आणि इस्राएलचे उत्तरेकडचे राज्य नकाशावरून पुसले गेले.

कापणी करणाऱ्याचा अर्ज

दक्षिणेतले यहूदाचे राज्य तगून राहिले. तिथे इ. स. पूर्व 640 मध्ये योशीया गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे 622 मध्ये, यरुशलेमच्या मंदिराची दुरुस्ती चालू असताना मुख्य पुरोहित हिल्कीया याला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. चिटणीस शाफान याने तो राजाला वाचून दाखवला आणि राजाने अंगावरचे कपडे फाडले. हा ग्रंथ म्हणजे आजच्या बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा गाभा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. गावोगावी वेशीत न्यायाधीश नेमावेत, परदेशी आणि अनाथ यांचा न्याय विपरीत करू नये, आणि खुद्द राजाने या नियमांची नक्कल करून ती रोज वाचावी, असे हे पुस्तक सांगते.

कागदावरचा हा कायदा शेतावर पोचत होता का? याचा एक पुरावा 1960 साली समुद्रकाठी, याव्ने-यामच्या दक्षिणेला मिळाला. योसेफ नावेह यांनी तिथे सातव्या शतकाच्या अखेरचा एक लहान किल्ला खणला. वेशीजवळच्या पहाऱ्याच्या खोलीत खापराचे तुकडे सापडले. जुळवल्यावर 14 ओळींचा हिब्रू मजकूर वाचता आला. तो एका कापणी करणाऱ्या मजुराचा किल्ल्याच्या अधिकाऱ्याकडे केलेला अर्ज आहे.

मजुराचे नाव मजकुरात नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे मात्र बापासकट आहे: शोबाईचा मुलगा होशायाहू. मजुराचे म्हणणे असे की तो हसर-आसाम इथे कापणीला होता. त्याने पीक कापले, मोजले आणि नेहमीप्रमाणे शब्बाथाच्या आधी कोठारात घातले. कोकणातल्या बेने इस्राएलांना ज्या दिवसाच्या विश्रांतीमुळे गावकरी शनिवार तेली म्हणत, तोच हा शब्बाथ. काम पुरे झाल्यानंतर होशायाहू आला आणि याचे अंगावरचे वस्त्र घेऊन गेला. वस्त्र घेऊन बरेच दिवस झाले. आपल्याबरोबर उन्हात कापणी करणारे सगळे सोबती आपल्या बाजूने साक्ष देतील. आपल्याकडे कसूर नाही. वस्त्र परत मिळावे.

मजकुरात तीच तीच वाक्ये पुन्हा येतात. कापणी, वस्त्र, कापणी, वस्त्र. मजूर बोलत गेला आणि लेखनिक उतरून घेत गेला असावा, असे अभ्यासकांना वाटते ते या पुनरुक्तीमुळे. मात्र युक्तिवाद अगदी रीतसर आहे. घटना, प्रतिवादीचे नाव, साक्षीदार, निर्दोष असल्याचे म्हणणे, मागणी. दयेची याचना अगदी शेवटी, आणि तीही पुरवणी म्हणून: देणे बंधनकारक वाटत नसेल तर निदान कनवाळूपणाने तरी द्या. आधी हक्क, मग दया, हा क्रम एका अनाम मजुराच्या तोंडून नीट लागलेला आहे.

मुकादमाने कोटा पुरा झाला नाही म्हणून वस्त्र ओढले असेल, किंवा जुन्या देण्यापोटी. काहीही असो, एक साधा मजूर, बहुधा लेखनिक गाठून, किल्ल्याच्या वेशीपर्यंत गेला, कारण तिथे ऐकून घेणारे कुणी आहे असा त्याला भरवसा होता. आमोसाच्या काळच्या मजुराच्या वाट्याला तो आला नव्हता.

यिर्मयाचा खटला

योशीया इ. स. पूर्व 609 मध्ये मगिद्दो इथे मिसरच्या फारोशी लढताना मारला गेला. लवकरच त्याचा मुलगा यहोयाकीम राजा झाला. या बापलेकांची तुलना यिर्मया संदेष्ट्याने थेट शब्दांत केली आहे. बाप खाऊनपिऊन सुखी होता आणि गरिबांचा न्याय करत होता; मुलगा गंधसरूच्या फळ्या लावून महाल बांधतो आहे आणि मजुरांची मजुरी बुडवतो आहे.

यहोयाकीमाच्या कारकिर्दीच्या आरंभीच यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही वागणूक सुधारली नाही तर या मंदिराचीही शिलोसारखी गत होईल. शिलो हे जुने तीर्थ, उद्ध्वस्त झालेले. पुरोहितांनी त्याला तिथेच धरले. हा मेलाच पाहिजे, असा ओरडा झाला. गर्दी जमली. आरोप मंदिराविरुद्ध आणि नगराविरुद्ध बोलल्याचा, म्हणजे नाबोथावर घातलेल्या आरोपाच्या जातकुळीचा. राजा विरोधात, पुरोहित विरोधात, जमाव खवळलेला. नाबोथाहून यिर्मयाची स्थिती बरी होती असे म्हणायला जागा नव्हती.

पण बातमी कळताच राजवाड्यातून अधिकारी आले आणि मंदिराच्या नव्या वेशीच्या दाराशी बसले. बसले, म्हणजे न्यायसभा भरली. पुरोहितांनी आरोप मांडला. यिर्मयाला बोलू दिले गेले. त्याने एक शब्दही मागे घेतला नाही. आपल्याला देवाने पाठवले आहे, आपण तुमच्या हातात आहोत, पण मारलेत तर निरपराध माणसाचे रक्त या नगरावर येईल, एवढे तो बोलला. अधिकाऱ्यांनी आणि लोकांनी निकाल दिला की हा देहदंडाला पात्र नाही.

मग गावोगावचे काही वडीलधारे उठले. त्यांनी एक जुना दाखला काढला. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, हिज्कीया राजाच्या काळात, मोरेशेथचा मीखा यरुशलेमबद्दल असेच बोलला होता; सीयोन शेतासारखे नांगरले जाईल म्हणाला होता. हिज्कीयाने त्याला मारले का? उलट त्याने देवाचे भय धरले आणि अरिष्ट टळले. आज ज्याला आपण न्यायालयीन पूर्वनिर्णय म्हणतो, तो इथे एका माणसाचा जीव वाचवायला भर सभेत वापरला गेला. शंभर वर्षांपूर्वीचे बोलणे आणि राजाची वागणूक या लोकांना तोंडपाठ होती, आणि ती नेमक्या वेळी त्यांनी मांडली.

या प्रकरणाला एक काळी बाजू आहे. त्याच सुमारास किर्याथ-यारीमचा उरीया नावाचा दुसरा संदेष्टा यिर्मयासारखेच बोलला होता. राजा जिवावर उठला म्हणून तो मिसरला पळाला. यहोयाकीमाने माणसे पाठवून त्याला तिथून आणवले, तलवारीने मारले आणि त्याचे प्रेत सामान्यांच्या कबरस्तानात फेकून दिले. त्याच्यासाठी वेशीत कुणी बसले नाही, दाखला काढायला कुणी उठले नाही. यिर्मयाला लोकांच्या हाती जाऊ दिले नाही ते अहीकामाने. तो शाफानाचा मुलगा, म्हणजे योशीयाला नियमशास्त्र वाचून दाखवणाऱ्या चिटणिसाचा. शाफानाचा दुसरा मुलगा गमर्या. पुढे यहोयाकीमाने यिर्मयाची गुंडाळी जाळायला घेतली, तेव्हा ती जाळू नका म्हणून राजाला विनवणाऱ्यांत तो होता. 1982 साली यरुशलेमच्या उत्खननात मातीच्या मोहोरा सापडल्या. त्यांतल्या एकीवर शाफानाचा मुलगा गमर्याहू हे नाव आहे. इ. स. पूर्व 586 मध्ये बाबिलोनच्या सैन्याने शहर जाळले, त्या आगीत ही माती भाजून पक्की झाली आणि म्हणून टिकली.

नियमांत उतरलेला अनुभव

बाबिलोनला हद्दपार होऊन परतलेल्या लोकांतही तोच जुना रोग उमटला. इराणी सम्राटाने पाठवलेला सुभेदार नहेम्या इ. स. पूर्व 445 मध्ये यरुशलेमला आला, तेव्हा गरिबांची शेते गहाण पडली होती आणि पोटची मुले दास्यात गेली होती. त्याने महाजनांना एकेकटे गाठून समजावले नाही. भरसभा बोलावली, सगळ्यांसमोर जाब विचारला आणि पुरोहितांपुढे शपथ घ्यायला लावून शेते परत करवली.

इ. स. 200 च्या सुमारास यहूदी पंडितांनी मिश्ना संकलित केली. तिच्यातले सनहेद्रिन हे प्रकरण न्यायसभेच्या रीतीचे आहे. देहदंडाच्या खटल्यात साक्षीदारांना आधी गंभीर ताकीद द्यायची, मग एकेकाला वेगळे घेऊन उलटतपासणी करायची. दोघांचे म्हणणे जुळले नाही तर साक्ष बाद. मत देताना सर्वांत धाकट्याने आधी बोलायचे, म्हणजे ज्येष्ठांच्या दडपणाखाली कुणी मान हलवणार नाही. सुटका त्याच दिवशी करता येते, पण दोषी ठरवायचे तर रात्र जाऊ द्यायची. नाबोथाच्या सभेत जे जे सहज पार पडले, त्यातल्या प्रत्येकाला इथे आडकाठी घातलेली दिसते.

तरीही एवढ्या नियमांवर निर्धास्त राहता येत नाही, हे इज्रेल आणि यरुशलेम इथले दोन खटले शेजारी ठेवले की कळते. साक्षीदार, वडीलधारे, जमाव, देहदंडाचा आरोप, हे सगळे दोन्हीकडे होते. दोन्हीकडे सत्ता आरोपीच्या विरोधात होती. इज्रेलच्या वडीलधाऱ्यांनी पत्र वाचले आणि मान खाली घातली. यहूदाच्या वडीलधाऱ्यांनी उठून मीखाचे नाव घेतले. ईजबेलीचा गुन्हा इतिहासाने नोंदवला, पण तिची पत्रे निमूटपणे अमलात आणणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कुठे नोंदलेले नाही. दुबळ्याविरुद्धचा खोटा खटला उभा राहतो तो अशाच निनावी, प्रतिष्ठित माणसांच्या बळावर, आणि त्यांच्यातलेच कुणी वेळेवर बोलले तर तो कोसळतो.

न्यायालयात साक्षीला, पंच म्हणून किंवा समितीवर बसायची वेळ आपल्यापैकी कुणावरही येऊ शकते. त्या दिवशी आपण इज्रेलचे वडीलधारे व्हायचे की यहूदाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.